लॅपटॉपचे दात बघून घ्या

या वेळी आलेली निम्मी पत्रं एकाच विषयावरची आहेत. कॉलेजचे प्रवेश तोंडावर, विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेले, त्यात रॅमचे भाव चढलेले. म्हणून जो तो विचारतोय, रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण पुन्हा नीट करून विकायला काढलेला, लॅपटॉप घेऊ का? अख्खं सदर त्यालाच दिलंय. नव्या वाचकांसाठी सांगते, कराडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. अजूनही आठवड्यातून एखादा जण काउंटरवर येऊन माझ्या खांद्यावरून आत डोकावतो आणि "साहेब नाहीत का?" असं विचारतो. साहेब नाहीत. मीच आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलीला पुण्यात बीसीएला प्रवेश मिळतोय, लॅपटॉप लागणार. बजेट पंचवीस हजार, फार ताणलं तर अठ्ठावीस. इथल्या दुकानात सत्तावीस हजारांत नवा कोरा मिळतोय. भाचा हिंजवडीत नोकरीला आहे, तो म्हणतो, "मामा, त्यापेक्षा कमी पैशात ऑफिसात वापरलेला थिंकपॅड घ्या." घरात मात्र 'पोरीला पहिलीच वस्तू आणि तीही दुसऱ्याची उष्टी' असं चाललंय. काय करावं? — एक वडील, वाई

उत्तर : आधी घरातल्यांचं बघू. तुम्ही वाईकडचे, म्हणजे तुमच्या घरी कधी ना कधी बैलजोडी असणार. बैल कोणी नवा कोरा घेतं का? बाजारात जाऊन, जबडा उघडून, दात मोजूनच घेतो ना आपण? लॅपटॉपचेही दात मोजता येतात. ते न मोजता घेतला, तर मात्र घरातले म्हणतात तेच खरं ठरेल.

भाचा बरोबर बोलतोय, पण अर्धंच. हा माल येतो कुठून ते समजलं की पुढचं सोपं जातं. कंपनी कायद्यात लॅपटॉपचं आयुष्य ३ वर्षं धरलंय आणि आयकरात कॉम्प्युटरवर वर्षाला ४०% घसारा मिळतो. कंपनीने उत्पादकाकडून घेतलेली वॉरंटीही बहुतेक वेळा तीनच वर्षांची असते. त्यामुळे तीन-चार वर्षांनी कागदावर ते यंत्र म्हातारं होतं, प्रत्यक्षात कितीही धडधाकट असो. मग हिंजवडी, खराडी, ऐरोलीतून शेकड्यांनी लॅपटॉप लॉटने बाहेर पडतात. व्यापारी ते झाडतो, पुसतो, कशाची रॅम काढून कशाला लावतो, कव्हरला स्टिकर चिकटवतो आणि विकतो. 'रिफर्बिश्ड' या शब्दात एवढंच असू शकतं. बॅटरी नवी, पंखा साफ, प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी थर्मल पेस्ट बदललेली असंही असू शकतं. शब्द एकच आहे, म्हणून शब्दावर पैसे द्यायचे नाहीत.

आता तुमचा सत्तावीस हजारांचा नवा कोरा. मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, पण या भावात जे येतं त्यातले बरेच माझ्या टेबलावर उघडून झालेत. सेलेरॉन एन४०२० सारखा प्रोसेसर, म्हणजे दोन कोअर, काम करणारे दोनच हात. रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली, वाढवायला जागा नाही. काहींत तर डिस्कही तशीच, १२८ जीबीची, मेली की बोर्डासकट. झाकण एका कोपऱ्यात धरून उचललं की कुरकुरतं. याउलट भाचा सांगतो तो थिंकपॅड टी ४८० असेल, तर त्यातल्या आय५-८३५०यू ला चार कोअर आहेत, रॅमचे दोन खण आहेत, खालचं कव्हर स्क्रूंवर निघतं आणि कीबोर्ड असा, की दिवसभर टाइप केलं तरी बोटं दुखत नाहीत. हे यंत्र नवं असताना सत्तावीस हजारांत कधीच मिळत नव्हतं. डेलचा लॅटिट्यूड ५४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५ ही त्याचीच भावंडं, तिन्ही २०१८ च्या आसपासची.

पण इथेच पहिला दात. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात आय५ किंवा आय७ नंतर जो आकडा येतो, त्यावरून जनरेशन कळते. ७३००यू म्हणजे सातवी, ८३५०यू म्हणजे आठवी, १०२१०यू म्हणजे दहावी. विंडोज ११ अधिकृतपणे चालते ती साधारण आठव्या जनरेशनपासून पुढे. शिवाय सातवीत या पातळ लॅपटॉपांना दोन कोअर असत, आठवीत चार झाले. म्हणजे एका आकड्याच्या फरकात दोन गोष्टी जातात. आणि दुकानदार काय सांगतो? "आय७ आहे साहेब, आय५ पेक्षा भारी!" सहाव्या जनरेशनचा आय७ आठवीच्या आय५ पुढे उभा राहत नाही. आय७ ऐकून भुलू नका, पुढचा आकडा वाचा.

"पण यात तर विंडोज ११ टाकलेलीच आहे," असंही ऐकवतील. टाकता येते. तपासणी चुकवून जुन्या यंत्रावर ११ बसवायची युक्ती गल्लीतल्या पोरालाही माहीत आहे. पण अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतीलच याची जबाबदारी मायक्रोसॉफ्ट घेत नाही. मुलीचं कॉलेज तीन वर्षं चालणार आहे, लॅपटॉपही तेवढा चालायला हवा.

दुसरा दात, बॅटरी. दुकानात काळी कमांडची खिडकी उघडायला सांगा आणि 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ, मग 'बॅटरीरिपोर्ट' हे इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते. तीत 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ३५,००० असेल, तर बॅटरी ७० टक्के उरलीय. मी साठच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून मागते. टी ४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक पोटात आणि एक मागून निघणारी, म्हणून रिपोर्टमध्ये दोन ओळी दिसल्या तर गोंधळू नका. टचपॅड एका बाजूने वर आलेला दिसला, दाबला तर टकटक झाली, तर आत बॅटरी फुगलीय. तो लॅपटॉप हातातसुद्धा घेऊन फिरू नका.

तिसरा दात आपल्या भागाचा आहे, पुण्या-मुंबईचे लोक हा सांगणार नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूरकडून माझ्याकडे पोत्यातून यंत्रं आली होती, २०२१ च्या जुलैतही आली. काही वाचली, काही मी भंगारात काढायला सांगितली. ती सगळीच भंगारात गेली असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पाण्यात गेलेलं यंत्र वाळवून सुरू होतं, चार-सहा महिने चालतंही. म्हणून उलटं करून तळाचे स्क्रू बघा. ऑफिसातल्या एसीत राहिलेल्या लॅपटॉपचे स्क्रू काळे नाहीतर चकचकीत असतात. खाचेत तांबूस गंज असेल, यूएसबीच्या तोंडाशी आत पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड असेल, तर नमस्कार करून बाहेर या. मोबाइलचा टॉर्च लावून आत बघायचं, लाजायचं नाही.

चौथा दात सगळ्यात आतला. त्याने मला स्वतःला चावलंय.

२०२२ मध्ये मी एका व्यापाऱ्याकडून सहा लॅपटॉपांचा लॉट उचलला. सगळे सुरू, विंडोज टाकलेली, स्क्रीन स्वच्छ. दोन गेले एका क्लासवाल्यांकडे. दोन महिन्यांनी त्यातला एक मंद झाला म्हणून त्यांनी तो रीसेट केला आणि वायफाय जोडलं. पहिल्याच पडद्यावर एका मोठ्या कंपनीचं नाव, तिचं चिन्ह आणि खाली 'आपल्या ऑफिसच्या ईमेलने लॉगिन करा'. क्लासच्या सरांनी मला फोन केला, "मॅडम, हा चोरीचा आहे का?" मला दुकानात उभ्या उभ्या घाम फुटला. चोरीचा नव्हता. कंपनीने विकताना आपल्या यादीतून त्याचा क्रमांक काढलाच नव्हता. विंडोज नव्याने बसवताना इंटरनेट जोडलेलं असलं, की यंत्र मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला आपली ओळख सांगतं आणि तिकडून उत्तर येतं, हा अमुक कंपनीचा. व्यापाऱ्याने इंटरनेट न जोडता विंडोज टाकली होती, म्हणून ते दिसलं नव्हतं. सहापैकी दोन तसे निघाले. व्यापाऱ्याने आधी "बघतो" म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. मी सरांना दुसरा लॅपटॉप दिला आणि ते दोन माझ्या माळ्यावर पडले. अजून आहेत. त्यांचे कीबोर्ड मी सुटे काढून वापरले.

तेव्हापासून माझा नियम आहे, तोच तुम्ही करा. बॅटरी, स्क्रू, कळा सगळं बघून झालं आणि घ्यावा असं वाटलं, की दुकानदाराला सांगा, "आता माझ्यासमोर रीसेट करा आणि माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून सेटअप करा." अर्धा तास लागतो, कधी पाऊण. तो म्हणेल, सगळं टाकून तयार आहे, कशाला. तुम्ही म्हणा, मी चहा सांगतो. ज्याचा माल सरळ आहे तो चहा पितो. ज्याला अचानक गिऱ्हाइकांची गर्दी आठवते, त्याच्याकडून घेऊ नका.

रीसेट सुरू करण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्येही, शिरून बघा. थिंकपॅडला सुरू होताना एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. "सेल काढला की जातो तो," असं सांगतील. जुन्या डेस्कटॉपला जायचा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड सेल काढून जात नाही. त्यावर कंपनीचा उपाय म्हणजे बोर्ड बदलणे, आणि बोर्डाच्या किमतीत दुसरा लॅपटॉप येतो. बायोसमध्ये सीरियल नंबरही दिसतो. तो तळाच्या स्टिकरशी जुळवा आणि उत्पादकाच्या साइटवर टाका. डेलला त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात, सात अक्षरांचा असतो. वॉरंटी कधी सुरू झाली, ती तारीख तिथे येते. 'दीड वर्ष वापरलाय फक्त' किती खरं, ते अर्ध्या मिनिटात कळतं.

कळांचं थोडक्यात. नोटपॅड उघडून एकूण एक कळ दाबा, नुसती इंग्रजी अक्षरं नाही, वरची एफची रांग आणि बाणसुद्धा. अक्षरं झिजून चकचकीत झालेली असली तरी हरकत नाही. कळ झिजलेली आणि बॉडी मात्र नव्यासारखी असेल, तर बॉडीवर पत्रा किंवा स्टिकर चढवलाय एवढं समजा. त्यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, नटणं आहे.

चार्जरबद्दल मात्र थांबून सांगते, कारण दर महिन्याला एक तरी केस येते. डेलचा गोल पिनेचा चार्जर मधल्या बारीक पिनेतून लॅपटॉपला आपली ओळख देतो. ती पीन वाकली किंवा चार्जर लोकल असला, तर सुरू होताना इशारा येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर स्वतःहून मुंगीच्या पावलांनी चालायला लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, "लॅपटॉप स्लो झालाय, फॉरमॅट मारा." तीन वेळा फॉरमॅट मारून घेतलेले गृहस्थ माझ्याकडे आलेत. दोष पिनेत होता. जुना लॅपटॉप घेताना चार्जरही लावून, त्याच चार्जरवर चालवून घ्या.

विंडोज असली की नकली हेही बघता येतं. कंपनीच्या लॅपटॉपची विंडोजची किल्ली बायोसच्या चिपमध्येच असते. इंटरनेट लागलं की ती आपोआप चालू होते, वेगळे पैसे लागत नाहीत. 'एसएलएमजीआर', तिरकी रेघ, 'एक्सपीआर' ही कमांड टाका. 'पर्मनंटली' आलं तर बहुतेक ठीक. पुढची एखादी तारीख आली, तर कोणीतरी १८० दिवसांची मोठ्या कंपन्यांसाठीची तऱ्हा वापरून जुगाड केलाय. समोर रीसेट करून घेतलं की बऱ्याचदा हा प्रश्नही सुटतो.

आता पैसे. तुमच्या बजेटमध्ये आठवी-दहावी जनरेशन, एसएसडी (वेगवान डिस्क) आणि फुल एचडी पडदा बसायला हवा. पडदा विचारून घ्या. टी ४८० आणि लॅटिट्यूड दोन्ही १३६६ गुणिले ७६८ च्या फिकट पडद्यातही यायचे, कंपन्या पैसे वाचवायला तसे घेत. बाजूने बघितलं की रंग उलटे दिसतात. मुलगी त्यावर तीन वर्षं कोड वाचणार आहे, हजार-पंधराशे जास्त गेले तरी चांगला पडदा घ्या. रॅमबद्दल मी पूर्वी याच सदरात लिहिलं होतं, ८ जीबी घ्या, पुढच्या वर्षी आणखी टाका. तो सल्ला मागे घेते. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत, की नंतर वेगळी घेणं परवडत नाही. बीसीएला पुढे अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, लागला तर ८ जीबीत जीव गुदमरतो. १६ जीबीचाच बघा, प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, जनरेशन मात्र आठवीच्या खाली नको.

बिल पक्कं, त्यावर सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहिलेले. 'टेस्टिंग वॉरंटी' म्हणजे सात-पंधरा दिवसांची, ती वॉरंटी नव्हे. सहा महिन्यांची मागा, तीनवर तडजोड करा.

आणि एवढं सगळं वाचून 'हे आपल्याच्याने होणार नाही' असं वाटलं, भाच्यालाही सुट्टी नाही, तर नवा घ्या, पण सत्तावीसचा नको. दहा-बारा हजार आणखी जमेपर्यंत थांबा. पहिल्या सत्रात कॉलेजच्या लॅबवर भागतं.

प्रश्न : आमची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, यात्रेच्या पावत्या. विंडोज ७ च्या जुन्या डेस्कटॉपवर मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर (कॉम्प्युटरला खोचायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालतं. मशीन आता दिवसातून दोनदा बंद पडतं. रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेतला तर चालेल का? — प्रेसवाले, फलटण

उत्तर : डेस्कटॉप म्हणून उत्तम. तुमच्या कामाला रिफर्बिश्डच घ्या, डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०६० किंवा एचपीचा प्रोडेस्क ६०० जी४, आठवी जनरेशन. पण मशीन घ्यायच्या आधी डोंगल हातात घेऊन बघा. तो जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसणारा आहे की यूएसबीचा? रुंद असेल तर नव्या मशीनला तसं तोंड नसतं आणि बाजारातला कन्व्हर्टर लावून डोंगल ओळखला जाईल याचा भरवसा नाही. यूएसबीचा असेल तरी विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, डोंगलचा ड्रायव्हरही ६४ बिटचा लागतो. म्हणून पहिला फोन सॉफ्टवेअरवाल्यांना, दुसरा कॉम्प्युटरवाल्यांना. याउलट केलेले एक प्रेसवाले मला माहीत आहेत. त्यांच्याकडे आता दोन कॉम्प्युटर आहेत आणि पत्रिका अजून जुन्यावरच होतात.

जुनं मशीन पुरतं मरण्याआधी त्याच्या हार्डडिस्कची जशीच्या तशी प्रत एसएसडीवर काढून घ्या. हे आजच करा, लग्नसराईत नको. दिवसातून दोनदा बंद पडण्याचं कारण कदाचित पॉवर सप्लाय असेल, तेवढाच बदलून वर्षभर निघेल. मात्र विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच संपलेत, त्याला इंटरनेट लावू नका. गिऱ्हाइकाचे पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर तपासून मग इकडे.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. ऑप्टिप्लेक्सचा पॉवर सप्लाय बाजारातल्या साध्या एसएमपीएससारखा नसतो, त्याची पीन वेगळी, आकार वेगळा. उडाला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला आणून लावू म्हणाल, तर बसणार नाही. घेतानाच यूपीएस घ्या. फलटणच्या विजेबद्दल मी तुम्हाला काय सांगावं!

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. नातू अमेरिकेत, त्याच्याशी व्हिडिओवर बोलते आणि आठवणी लिहायला घेतल्या आहेत. मुलाच्या मित्राकडे २०१७ चा मॅकबुक प्रो आहे, पंचवीस हजारांत देतोय. दिसायला फार देखणा आहे. घेऊ का? — एक आजी, सातारा

उत्तर : बाई, नको. देखणा आहे, कबूल. पण २०१७ च्या त्या प्रोला मॅकओएसची (मॅकची विंडोज समजा) व्हेंच्युरा ही २०२२ मधली आवृत्ती शेवटची. इंटेलवाल्या सगळ्याच मॅकचा रस्ता आता संपत आलाय, 'टाहो' नावाची आवृत्ती त्यांच्यासाठी शेवटची असं ॲपलनेच २०२५ मध्ये जाहीर केलं. शिवाय त्या वर्षांतला कीबोर्ड 'बटरफ्लाय' जातीचा. धुळीचा एक कण गेला की कळ अडकते किंवा एका दाबात दोन अक्षरं उमटतात. आठवणी लिहायच्यात आणि 'आई' चं 'आआई' होत राहिलं, तर तुमचा लिहायचा उत्साह जाईल.

मॅकच हवा असेल तर २०२० च्या शेवटी आलेला, ॲपलच्याच एम१ प्रोसेसरचा मॅकबुक एअर बघा आणि आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून तो काढलाय ना, ते विकणाऱ्याला समोर बसवून करून घ्या. पण तुमच्या जागी मी असते तर याच पैशात छोटा वापरलेला डेस्कटॉप आणि डोळ्यांसाठी चोवीस इंची पडदा घेतला असता. वेबकॅम वेगळा, तीन फुटांवर ठेवायचा, म्हणजे नातवाला आजीचा नुसता कपाळाचा भाग दिसणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे असं दुकानच नाही. ऑनलाइन मागवला तर दात कसे मोजायचे? — बी.एस्सी.चा विद्यार्थी, गडचिरोली

उत्तर : तुझं पत्र आधीच आलं असतं तर वरचं सगळं तुझ्यासाठीच लिहिलं असतं. ऑनलाइनमध्ये तपासणी घरी आल्यावर होते, म्हणून परत करायचे दिवस किती, हेच तुझं दुकान समज. सातपेक्षा कमी असतील तर मागवू नकोस. 'बदलून देऊ' आणि 'पैसे परत' यातला फरक वाच. विकणाऱ्याचं नाव बिलावर कोणाचं येणार ते बघ, साइट वेगळी आणि विक्रेता वेगळा असतो. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे रिफर्बिश करणाऱ्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मोठा विक्रेता असेल तर नोंदणी आहे का, असं सरळ विचार. उत्तर कसं येतं त्यावरून माणूस कळतो.

खोकं उघडताना टेपला हात लावण्यापासून व्हिडिओ काढ, सीरियल नंबर दिसेल असा. त्याच रात्री बॅटरी, कळा, बायोस आणि नेट लावून रीसेट. उद्या करू म्हणालास तर सहा दिवस गेलेच. 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' हे फक्त बाहेरच्या ओरखड्यांबद्दल असतं. वरच्या झाकणावर ओरखडा असलेला बी ग्रेड दोन हजारांनी स्वस्त मिळत असेल तर तोच घे, झाकण तू थोडाच बघणार आहेस?

प्रश्न : रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला. डी ड्राइव्हमध्ये आधीच्या मालकाचे फोटो आणि पगाराच्या स्लिपा निघाल्या. काय करू? — सोलापूर

उत्तर : बघू नका आणि कोणाला दाखवू नका. विक्रेत्याला कळवा, मग पूर्ण डिस्क पुसून नव्याने विंडोज टाका. नुसतं डिलीट नाही, रीसेट करताना सगळे ड्राइव्ह निवडा आणि 'ड्राइव्ह साफ करा' हा पर्यायही घ्या. आणि खालचं कव्हर एकदा उघडून घ्या. ज्याने डी ड्राइव्ह उघडून बघितला नाही, त्याने पंखा काढून धूळ झाडली असेल असं मला वाटत नाही. तुमच्या जवळ कोणी नसेल तर कराडला या, पंखा साफ करून पेस्ट लावायला तासभर लागतो.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना मॉडेल नंबर लिहा. तो तळाच्या स्टिकरवर असतो. 'काळ्या रंगाचा लॅपटॉप, मधूनमधून बंद पडतो' एवढंच लिहिलेली अकरा पत्रं या वेळी आलीत, आणि त्या सगळ्यांना मी काय उत्तर देणार?